इंकस्केपमध्ये काढलेली पहिली पाच चित्रं : तांब्या, कपबशी, कुलूप, विळी, कंदील. काय चुकतंय ते सांगा

नवखी_रेघ

घरातल्या वस्तूंचा एक संच इंकस्केप या सॉफ्टवेअरमध्ये, व्हेक्टरमध्ये (म्हणजे पिक्सेलऐवजी रेघा आणि आकारांनी बनलेलं चित्र) काढते आहे. पाच झाल्या आहेत, चित्रं खाली क्रमाने लावली आहेत. माहिती अशी :

इंकस्केप १.४, माउस, टॅबलेट नाही. प्रत्येक पान ५१२ × ५१२ पिक्सेल. मोबाइलवर फोटो काढून खालच्या लेयरवर ठेवला आणि त्यावरून पेन टूलने गिरवलं. बाहेरची रेघ सगळीकडे ६ पिक्सेलची.

१. तांब्या (पितळी). बाह्याकारात ८७ नोड (रेघेवरचे बिंदू). डावीकडून उजवीकडे जाणारा एकच ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणारा रंग).
२. कपबशी. कपाचा काठ १८० × ५४, बशी ३०० × ६०.
३. कुलूप. कडी म्हणजे दोन यू आकार. आतला ८० टक्के करून तळाला टेकवला आणि बाहेरच्यातून वजा केला.
४. विळी. पात्याचं टोक आपोआप छाटल्यासारखं दिसतंय, नोड मात्र टोकदारच आहे.
५. कंदील. काचेच्या कडेला दुहेरी रेघ येते आणि टाकी व बैठकीच्या मधे केसाएवढी पांढरी फट दिसते.

तांब्या गुळगुळीत का दिसत नाही आणि कपबशी "घसरतेय" असं का वाटतं, हे मुख्य प्रश्न. बाकीचंही मोकळेपणाने सांगा.

टोकदार

तांब्यापासून सुरुवात करतो. कंट्रोल + ५ दाबून आउटलाइन दृश्यात बघा. पोटाच्या वळणावर एका बाजूला तुम्ही १४ नोड दिले आहेत. प्रत्येक नोडपाशी दिशा थोडी थोडी बदलते, म्हणून प्रकाशात ते पोट ठोकलेल्या पत्र्यासारखं दिसतं. हात थरथरल्यामुळे असं होत नाही, नोड जास्त झाल्यामुळे होतं.

नोड कुठे द्यायचे याचा नियम साधा आहे. आकार जिथे सर्वांत रुंद, सर्वांत अरुंद, सर्वांत वर आणि सर्वांत खाली असतो तिथे. शिवाय जिथे खरोखर कोपरा आहे तिथे. तांब्याची फक्त डावी बाजू घेतली तर :

काठाची बाहेरची कड – कोपरा
काठाखाली गळा सुरू होतो ती जागा – कोपरा
गळ्याचा सर्वांत अरुंद बिंदू – स्मूथ (वळण न मोडणारा नोड)
पोटाचा सर्वांत रुंद बिंदू – स्मूथ
पोट बैठकीला मिळतं तो बिंदू – कोपरा
बैठकीची खालची कड – कोपरा
मधल्या अक्षावरचा तळ – स्मूथ

एवढे सात पुरतात. गळ्याच्या आणि पोटाच्या नोडचे हँडल (नोडमधून निघणारे, वळण ठरवणारे दांडे) अगदी उभे हवेत. कंट्रोल धरून हँडल ओढलं की ते १५ अंशांच्या पायऱ्यांनीच फिरतं, त्यामुळे ते चटकन उभं होतं. तळाच्या नोडचं हँडल अगदी आडवं हवं. ते जरा जरी कललं तरी दोन्ही अर्ध्या बाजू जोडल्यावर बुडाला मधोमध पुटकुळी येते.

हँडलच्या लांबीचा अंदाज हवा असेल तर वर्तुळ आठवा. १०० त्रिज्येचं वर्तुळ चार नोडांत काढलं की प्रत्येक हँडल ५५.२३ लांबीचं होतं, आणि खऱ्या वर्तुळापासूनचा फरक त्रिज्येच्या ०.०३ टक्क्यांहूनही कमी राहतो. पाव गोलाईला चार-पाच नोड देण्याची गरज का नाही ते यावरून कळेल. पोटाचं वळण वर्तुळापेक्षा भरीव हवं असेल तर हँडल ६० ते ६५ पर्यंत वाढवा, चपटं हवं असेल तर ४५ ला आणा. नोड हलवायचा नाही, नुसतं हँडल हलवायचं.

अर्धी बाजू झाली की पाथ मेनूतून पाथ इफेक्ट्स उघडा आणि मिरर सिमेट्री लावा. त्यात फ्यूज पाथ्सवर (दोन्ही बाजू जोडण्याच्या पर्यायावर) खूण करा. यानंतर डावीकडे गळा बारीक केला की उजवीकडेही आपोआप होतो.

पितळी_डबा

टोकदार यांच्या यादीला +१. सिम्प्लिफाय (नोड आपोआप कमी करणारी आज्ञा) वापरून, म्हणजे कंट्रोल + एल दाबून, ८७ चे २० करता येतील का, असं बहुतेक तुमच्या मनात येईल. येतील, पण ते नोड योग्य जागी नसतील. सिम्प्लिफायला पोट कुठे सर्वांत रुंद आहे हे कळत नाही. लागोपाठ दाबत गेलात तर त्याची ताकदही वाढत जाते आणि काठाचा कोपराच वितळतो. फोटोवरून आपोआप ट्रेस केलेल्या झाडाझुडपांना ते चालतं, भांड्याला नाही.

आता ग्रेडियंट. तांब्या पितळी न वाटता प्लास्टिकचा वाटतो, त्याची कारणं दोन आहेत.

पहिलं कारण असं, की आडवा ग्रेडियंट संपूर्ण आकाराच्या रुंदीवर पसरतो. तुमचं पोट २६० पिक्सेल रुंद आहे आणि गळा ११०. म्हणजे गळ्याच्या वाट्याला ग्रेडियंटचा फक्त मधला तुकडा येतो. डावीकडची सावली नाही, उजवीकडची सावलीही नाही. म्हणून गळा सपाट दिसतो आणि पोट गोल. काठ, गळा, पोट आणि बैठक हे चार वेगळे आकार करा आणि प्रत्येकाला त्याच्या रुंदीइतका स्वतंत्र ग्रेडियंट द्या. चारही एकमेकांवर किंचित चढलेले असू देत.

दुसरं म्हणजे रंग. तुम्ही पिवळ्यात काळा मिसळून सावली आणि पांढरा मिसळून उजेड केला आहे. काळा मिसळला की पिवळा हिरवट, मळकट होतो. पितळेची सावली तपकिरी-लालसर असते. हे आकडे (लाल, हिरवा, निळा या क्रमाने) घालून बघा :

मूळ रंग – २००, १५५, ६०
गडद – ११०, ७२, २४
उजेड – २५०, २२८, १५०

आणि ग्रेडियंटचे थांबे (रुंदीत कुठे कोणता रंग येतो त्या जागा) असे : ० टक्क्यांवर मध्यम गडद, १८ वर मूळ, २८ वर उजेड, ३६ वर परत मूळ, ८५ वर सर्वांत गडद, १०० वर पुन्हा थोडा उजळ. सर्वांत गडद पट्टा कडेला येत नाही, कडेच्या थोडा आत येतो. बाजूच्या भिंतीवरून किंवा ओट्यावरून परत आलेला उजेड कडेवर पडतो ना. हा १०० टक्क्यांवरचा थांबा विसरला की भांडं कापून चिकटवल्यासारखं दिसतं.

घासूनपुसून लख्ख केलेला तांब्या हवा असेल तर याही पुढे जावं लागेल. चकचकीत धातूत उजेड हळूहळू विरत नाही, तिथे कडा तीक्ष्ण असतात. २८ आणि ३६ हे थांबे २७ आणि २९ वर आणा, किंवा पोटाच्या वळणाबरोबर वळणारी उजेडाची एक पट्टी वेगळा आकार म्हणून काढा. ही पट्टी गळ्याकडे निमुळती होत जाते. ती सरळ उभी काढलीत तर पोट पुन्हा नळकांड्यासारखं वाटेल.

कोनमापक

कपबशी का घसरते त्याचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे.

वर्तुळ तिरपं पाहिलं की लंबवर्तुळ दिसतं, आणि त्याच्या उंचीला रुंदीने भागलं की आपण किती अंशांतून खाली पाहतोय ते कळतं. गुणोत्तर म्हणजे त्या कोनाची साइन. तुमच्या कपाचा काठ ५४ भागिले १८०, म्हणजे ०.३०, सुमारे साडेसतरा अंश. बशी ६० भागिले ३००, म्हणजे ०.२०, साडेअकरा अंश. एकाच चित्रात कप वरून पाहिलाय आणि बशी जवळजवळ समोरून. डोळ्याला हा गोंधळ जाणवतो, कारण सांगता येत नाही.

वस्तू डोळ्याच्या पातळीपासून जितकी खाली, तितकं तिचं लंबवर्तुळ जास्त उघडतं. बशी कपाच्या काठाच्या खाली असते, म्हणून तिचं गुणोत्तर काठापेक्षा थोडं जास्तच हवं, कमी कधीच नाही. दीड मीटरवरून पाहिलं आणि बशीची कड कपाच्या काठाच्या पाच सेंमी खाली धरली, तर बशीचं गुणोत्तर ०.३३ च्या आसपास येतं. म्हणजे ३०० रुंदीला ९८ ते १०० उंची.

तांब्यालाही हेच. तुमचं तोंड १४० × ३० आहे, ०.२१. बूड मात्र सरळ रेघ आहे. वरून तोंडाच्या आत दिसतंय तर बूड सरळ असूच शकत नाही. तांब्या पंधरा सेंमी उंच आणि दीड मीटरवर धरला तर बुडाचं गुणोत्तर ०.३० निघतं. बैठक ११० रुंद आहे, म्हणजे लंबवर्तुळ ११० × ३३ आणि त्यातला पुढचा अर्धा भागच दिसणार. त्याच्या दोन्ही टोकांना टोक काढू नका. लंबवर्तुळ टोकापाशी उभं वळतं, म्हणून बाजूची रेघ आणि बुडाचं वळण एकमेकांत सहज मिसळलं पाहिजे. टोकदार यांच्या यादीत बैठकीची खालची कड कोपरा आहे ती समोरून पाहिलेल्या तांब्याला बरोबर. तुमच्या तांब्याचं तोंड दिसतंय, म्हणून इथे ती स्मूथ करा.

काठाची जाडी हे दुसरं दुखणं. तुम्ही काठ इनसेटने आत घेतलाय, त्यामुळे जाडी चहूबाजूंनी सारखी ६ पिक्सेल आहे. तिरप्या वर्तुळात तसं दिसत नाही. बाजूंना जाडी पूर्ण दिसते, पुढे-मागे आकसते. बाहेरचं लंबवर्तुळ डुप्लिकेट करा, कंट्रोल + शिफ्ट धरून केंद्राभोवती लहान करा. १८० × ५४ चं १६८ × ५०.४ केलंत की बाजूंना ६ आणि पुढे-मागे १.८ जाडी राहते. एवढा एक बदल केला तरी कप चिनी मातीचा दिसायला लागेल.

टोकदार

कोनमापक, बैठकीची दुरुस्ती मान्य. मी समोरच्या दृश्याचा विचार करून यादी दिली होती.

आणि याच्या बरोबर उलट गोष्ट कुलपात आहे, म्हणून लगेच लिहितो. तिथे कडी समोरून दिसते, म्हणजे जाडी सगळीकडे सारखीच हवी, आणि नेमकं तिथे तुम्ही स्केल वापरलंय. बाहेरचा यू १४० × १६०, ८० टक्के केल्यावर ११२ × १२८. तळाला टेकवल्यावर बाजूंना १४ उरतात आणि माथ्यावर ३२. कडी माथ्यावर सुजल्यासारखी दिसते ती यामुळे.

वजाबाकी नकोच. आयत घ्या, ११६ रुंद, २०० उंच, कोपऱ्यांची त्रिज्या आरएक्स आणि आरवाय दोन्ही ५८. फिल (आतला रंग) काढून टाका, स्ट्रोक (बाहेरची रेघ) २४. माथा आपोआप नेमका अर्धवर्तुळ होतो आणि बाहेरची रुंदी १४० येते. खालचा भाग कुलपाच्या अंगामागे लपवा. बाहेरची रेघ हवी असेल तर आधी स्ट्रोक टू पाथ (रेघेचाच भरीव आकार करणं), म्हणजे कंट्रोल + ऑल्ट + सी, आणि मग त्या आकाराला ६ चा स्ट्रोक.

किल्लीच्या भोकासाठी एक वर्तुळ आणि खाली पसरत जाणारा चौकोन, दोन्ही निवडून युनियन (जोडून एकच आकार). तुमच्या भोकाला आतून सावली नाही. प्रकाश डावीकडून वरून असेल तर भोकाच्या उजव्या-खालच्या कडेला २ पिक्सेलची उजळ रेघ पुरते, पत्र्याची जाडी लगेच दिसते.

नवखी_रेघ

कपबशी आणि कुलूप दुरुस्त करून पुन्हा लावलं आहे. बशी ३०० × ९९ केली आणि कप खरंच बसला! कुलपाची कडी आयतावरून केली.

दोन अडचणी. कुलूप लहान केल्यावर बाहेरची रेघ ६ ची ४.३ झाली. आणि कपाच्या आत कुठे गडद करायचं ते कळत नाही. मी बाहेरचाच ग्रेडियंट आतही दिला आहे.

पितळी_डबा

आतला ग्रेडियंट उलटा करा. उजेड डावीकडून येतोय. बाहेर डावी बाजू उजळ, पण आतल्या डाव्या भिंतीला स्वतःच्याच काठाची सावली मिळते आणि उजेड समोरच्या उजव्या भिंतीवर पडतो. पोकळ वस्तू पोकळ दिसते ती याच अदलाबदलीमुळे. तांब्याच्या तोंडातही हेच करा, फक्त तिथे आतला भाग एकंदरीत दोन पायऱ्या गडद ठेवा, कारण गळा अरुंद आहे आणि आत फार उजेड जात नाही.

कपात चहा दाखवणार असाल तर चहाची पातळी हेही एक लंबवर्तुळच. काठाच्या खाली, म्हणजे गुणोत्तर किंचित जास्त, ०.३१. ते आतल्या तोंडाच्या आकाराने क्लिप करा, म्हणजे त्या आकाराबाहेरचा भाग लपवा. क्लिपचा आकार सगळ्यांत वर असावा लागतो, मग दोन्ही निवडून ऑब्जेक्ट मेनूतून सेट क्लिप. चहाच्या कडेला २ पिक्सेल फिकट तपकिरी कडं द्या, दुधाच्या चहाला ते असतंच.

रेघ बारीक होण्याचं कारण : सिलेक्टर टूल घेतलं की वरच्या पट्टीच्या उजव्या टोकाला चार छोटी बटणं दिसतात. पहिलं दाबलेलं असेल तर आकाराबरोबर रेघेची जाडीही बदलते. संच करताना ते बंद ठेवा. दुसरं बटण गोल कोपऱ्यांच्या त्रिज्येचं, ते मात्र चालू असू दे, नाहीतर लहान केलेल्या कुलपाचे कोपरे फुगतील.

काटकोन

विळीचं कुणी बोललं नाही अजून, म्हणून.

टोक छाटलं जातंय ते मायटर लिमिटमुळे, म्हणजे सांध्याचं टोक रेघेच्या जाडीच्या किती पट लांब होऊ शकतं त्या मर्यादेमुळे. दोन रेघा जितक्या लहान कोनात मिळतात तितका त्यांचा सांधा लांब टोकदार होतो. एसव्हीजीत (इंकस्केपच्या फाइलचा प्रकार) ही मर्यादा मुळात ४ असते, म्हणजे सुमारे २९ अंशांहून लहान कोन आला की टोक सरळ कापलं जातं. तुमच्या पात्याचं टोक २० अंशांचं आहे. त्याला ५.७६ लागतात. फिल अँड स्ट्रोकमध्ये स्ट्रोक स्टाइलला जाऊन लिमिट ६ करा. टोक येईल, पण ते नोडच्या पुढे सुमारे १७ पिक्सेल जाईल, तेव्हा नोड तेवढा मागे घ्या.

बारीक गोष्ट आहे, तरी पात्याला बाहेरची रेघ न देणंच मला बरं वाटतं. पोलादी धार दाखवायला आतल्या बाजूने ५-६ पिक्सेलची फिकट पट्टी, पात्याच्या वळणाला समांतर. पात्याच्या टोकाला खवणी असेल तर तिचे दात एकेक काढू नका. एक त्रिकोण काढा, त्याचे क्लोन (मूळ आकाराशी जोडलेल्या प्रती) करा, केंद्राभोवती समान कोनाने फिरवा. आणि पाट आडवा पडलेला आहे, पातं त्यातून उभं राहतं. दोन्ही सांध्यापाशी नुसती चिकटलेली दिसतात. पात्याचा पाय पाटावर टेकतो तिथे अगदी बारीक, गडद सावली हवी. ती नसली की पातं हवेत तरंगतं.

कोनमापक

कंदिलाची फट : दोन आकारांच्या कडा तंतोतंत जुळवल्या असल्या तरी त्या कडेवरचा पिक्सेल दोघेही अर्धवट रंगवतात आणि मधून मागचं पांढरं डोकावतं. फाइल बिघडलेली नाही. मागचा आकार पुढच्याच्या खाली २-३ पिक्सेल सरकवून ठेवा, फट जाईल. स्नॅप (कडा आपोआप एकमेकींना चिकटवणं) जितका काटेकोर तितका हा त्रास जास्त, म्हणून मागच्या आकारांच्या बाबतीत जुळवाजुळव करूच नका. चढवून ठेवा.

काचेची दुहेरी रेघ : तुम्ही फिल ५० टक्के आणि स्ट्रोक ५० टक्के असे वेगवेगळे पारदर्शक केले आहेत. स्ट्रोक पाथच्या मधोमध बसतो, ३ पिक्सेल बाहेर आणि ३ आत. आतले ३ फिलवर चढतात, तिथे रंग दुप्पट लागतो. फिल आणि स्ट्रोक दोन्ही पूर्ण भरीव ठेवा आणि अपारदर्शकता त्याच डायलॉगच्या तळाशी असलेल्या ओपॅसिटीने कमी करा. मग तो पूर्ण आकार एकच समजून फिका होतो.

शिवाय ५० टक्के म्हणजे ती दुधी काच झाली. कंदिलाची काच मध्ये जवळजवळ दिसत नाही, १२ ते १५ टक्के पुरे. ती कळते कडांवरून. दोन्ही बाजूंना गडदपणा थोडा वाढवा आणि फुगवट्याला समांतर एक पांढरी पट्टी द्या.

थरांचा क्रम खालून वर असा लावा : मागची तार, वात आणि ज्योत, काच, काचेवरची चकाकी, पुढची तार. तुमच्या चारही तारा काचेच्या पुढे आहेत, म्हणून पिंजरा सपाट जाळीसारखा दिसतो. मागच्या तारा काचेमागे गेल्या की त्या आपोआप फिकट होतील, वेगळा रंग द्यायला नको.

ज्योतीला ब्लर दिलाय तो काढा. पीडीएफ करताना फिल्टर लावलेला भाग पिक्सेलमध्ये बदलतो आणि मोठ्या छपाईत तेवढाच भाग फुटतो. वर्तुळाकार ग्रेडियंट घ्या, कडेच्या थांब्याची अपारदर्शकता शून्य करा, तोच परिणाम मिळतो. मेश ग्रेडियंटही (जाळीच्या बिंदूंवर रंग देणारा ग्रेडियंट) टाळा, ब्राउझर ते दाखवत नाहीत.

टोकदार

फोटोबद्दल एक. तांब्याचं तोंड पोटाच्या मानाने मोठं आलंय. फोटो फार जवळून काढला की जवळचा भाग फुगतो. दोन मीटर मागे जा, झूम करा आणि मग काढा. गिरवताना फोटोचा लेयर ४० टक्के फिका आणि कुलूपबंद ठेवा. गिरवायचं ते फक्त प्रमाणासाठी, काठ आणि बूड लंबवर्तुळ टूलनेच.

नवखी_रेघ

तांब्या नव्याने केला, अर्ध्या बाजूला सात नोड. विळी आणि कंदीलही बदलले, आउटलाइन दृश्यही सोबत लावलंय. पाचही एकत्र ठेवल्यावर कंदील वेगळा पडतोय, कारण सापडत नाही.

पितळी_डबा

तांब्या आता तांब्या झालाय, गळ्याखालची पट्टी फार छान वळली आहे.

कंदिलाची चकाकी उजव्या बाजूला आहे, बाकी चौघांची डावीकडे. कंदील पेटलेला असला तरी काचेवरची चकाकी बाहेरच्या उजेडाची असते, ती डावीकडेच हवी. टाकीचा ग्रेडियंटही त्याबरोबर फिरवा. दुसरं, कंदील पानाच्या वरच्या कडेला टेकलाय. वरच्या कडीचा पाथ बरोबर काठावर असल्याने ६ च्या रेघेतले ३ पिक्सेल पानाबाहेर गेलेत. सगळ्या चित्रांना चहूबाजूंनी ३२ पिक्सेल मोकळे ठेवा, म्हणजे वस्तू ४४८ च्या चौकटीत बसेल.

काटकोन

आणि पाचही ४८ पिक्सेलवर निर्यात करून बघा. कंदिलाच्या तारा त्या आकाराला एकमेकींत मिसळतील. ४८ साठी वेगळी प्रत करा. चारऐवजी दोनच तारा, रेघ जाड, चकाकी एक. वेबवर टाकताना प्लेन एसव्हीजी (इंकस्केपची स्वतःची जादा माहिती वगळलेली फाइल) म्हणून जतन करा. मिरर सिमेट्री लावलेल्या तांब्यावर त्याआधी ऑब्जेक्ट टू पाथ करून घ्या, पण मूळ फाइल इफेक्टसकट वेगळी ठेवा. पुढे लोटा काढायचा झाला तर त्याच सात नोडांचा गळा रुंद करून तो निघेल.